निळ्या रंगाच्या खाली

बाळांनो, जरा मनाशी चित्र उभं करा. श्रावणातली सकाळ आहे आणि तुम्ही दहा वर्षांचे आहात. तुमच्या हातात लाकडी चिमटा आहे, चिमट्यात करंगळीएवढी काचेची नळी, आणि नळीत मोराच्या मानेसारखं निळं औषध. रबरी टोपीच्या ड्रॉपरनं तुम्ही त्यात आठ थेंब सोडता. सात नाही, नऊ नाही, आठ. लघवीचे थेंब आहेत ते. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण आमची इंद्रायणी नाक मुरडणाऱ्यांतली नव्हती. आता नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरा. तिचं तोंड आपल्याकडे नको, भिंतीकडे करा. उकळू द्या, आणि रंग बदलतो का बघा.

निळा राहिला तर घर हसतं. हिरवा झाला तर आजी कपाळावर हात मारते. पिवळा किंवा केशरी झाला की आबांच्या ताटातली अर्धी भाकरी परत टोपलीत जाते. आणि विटेसारखा लाल झाला की आबांना खोटं बोलायची सोय राहत नाही. काल गुळाचा खडा कुठून मिळवला ते नातीपुढं कबूल करावंच लागतं.

इंदूच्या, म्हणजे इंद्रायणीच्या, आबांना, कोंडाजींना, मधुमेह जडला होता. त्याला सत्तावन्न सालच्या श्रावणात दोन वर्षं झाली. चिंचवडच्या दवाखान्यातले कंपाउंडर कादरभाई रोज सकाळी सायकल मारत पिंपळे गुरवला येत, इंदूनं सांगितलेला रंग ऐकत आणि त्यावरून इन्शुलिनची सुई किती भरायची ते ठरवत. नळी कशी धरायची ते त्यांनीच इंदूला शिकवलं होतं. तिनं एक वही ठेवली होती. तारीख, नाव, रंग.

या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट झाली होती. थोरल्या सुनेनं, मंजुळाबाईनं, घरातली साखर आणि गूळ पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. मामंजींच्या डोळ्यांदेखत इतरांनी तरी गोड कशाला खायचं, म्हणून सगळ्या घराचा चहा बिनसाखरेचा झाला. चांगल्या मनानं केलेली गोष्ट होती ती. एवढं लक्षात ठेवा.

त्या तिसऱ्या श्रावणी सोमवारी सोप्यात माणसं जमली होती आणि विषय एकच होता, इंदूची आई विमल.

विमल धाकटी सून. चेहरा मेणासारखा पांढुरका, भुवया विरळ, वैशाखातही अंगावर चादर. कामाला कधी नाही म्हणाली नाही, पण हंडा उचलला की वाटेत तीनदा टेकवायची. दोन वर्षांपासून तिला सोमवारी वारं यायचं. सकाळी दहाच्या सुमारास घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळे कुठंतरी लागायचे आणि तोंडून भलतंसलतं निघायचं. संध्याकाळी सोमवार सोडला, दोन घास पोटात गेले, की वारं उतरायचं. महादेवाचा वार, म्हणून महादेवाचं वारं. मंजुळाबाई पाट मांडायची, शेजारणी नारळ घेऊन यायच्या आणि हरवलेल्या शेळीपासून मुलीच्या सोयरिकीपर्यंत सगळं विचारून जायच्या.

मारुतराव, मंजुळाबाईचा नवरा, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. दुपारची शिफ्ट असल्यानं तो घरी होता.

"साहेब इचारतो मला, मारुतराव, तुमच्या घरी देव बसतो म्हनं," तो म्हणाला. "तिकडं आमी बाटल्यांत औषध भरायचं, आन घरात नारळ फुटायचं. खाली मान घालून उभा ऱ्हातो मी."

"मग वर करा की मान," मंजुळाबाई म्हणाली. "देव काय समद्यांच्या घरी येतो व्हय?"

"देव न्हाई आन काय न्हाई. ही बघा वही." त्यानं इंदूची वही उघडून विमलच्या वडिलांपुढं धरली. "आबांसारखा आजार असंल म्हनून पोरीनं हिचीबी नळी लावली. एकवीस येळा. विमल, निळी. विमल, निळी. एकदा तरी रंग बदलला का? आजार न्हाई तर ढोंग हाय, दुसरं काय."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या इंदूला तिचं स्वतःचं अक्षर दिसत होतं. गोल, नीट काढलेलं. निळी, निळी, निळी.

विमलचे वडील यशवंतराव तळेगावहून पहिल्या गाडीनं आले होते. पागोटं मांडीवर ठेवून ते शांतपणे म्हणाले, "देव असंल, ढोंग असंल, मला त्यात पडायचं न्हाई. माझी लेक मी दुपारच्या गाडीनं घिऊन जातो. हितं तिचा तमाशा चाललाय."

"न्या," मारुतराव म्हणाला. "पोर मातुर हितंच ऱ्हाईल. शाळा हाय तिची."

इंदूचे वडील सोनबा यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. थोरल्या भावापुढं बोलायची त्यांना सवय नव्हती. आतल्या दारात विमल उभी होती. तिनं इंदूकडं बघितलं. तेवढ्यानं इंदूला कळलं की आज दुपारची गाडी सुटली तर आईला फार दिवस बघायला मिळणार नाही.

कोंडाजी खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "व्याहीबुवा, गाडी दुपारची हाय. अजून धा बी वाजलं न्हाईत. च्या घ्या. बिनसाखरेचा हाय, पर गरम हाय."

इंदू मनातल्या मनात हसली. आबा वेळ काढत होते. आबांना ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. गेल्या मंगळवारी ती वही चाळत बसली होती. चैत्रातल्या एका पानावर तिनं लिहिलं होतं, "आबा, निळी. वांग्याच्या वाफ्यात पडले." तो दिवस तिला लख्ख आठवत होता. सुई घेऊन आबा न जेवता मळ्यात गेले आणि वाफ्यात कोसळले. घामानं सदरा पिळून काढावा असा झाला होता, हात थरथरत होते, आणि धावत आलेल्या कादरभाईंना ते वैरी म्हणून शिव्या देत होते. कादरभाईंनी शिव्या खात खात त्यांना साखरेचं पाणी पाजलं आणि पाव तासात आबा माणसात आले. घरी आणल्यावर नळी लावली, तर ती निळी.

घाम, थरथर, भलतं बोलणं. सगळं आईसारखं. आणि नळी निळी.

दुसऱ्या दिवशी कादरभाई सुई भरत असताना तिनं विचारलं, "कादरचाचा, निळ्याच्या खाली कोणता रंग असतो?"

कादरभाईंचा हात थांबला. "निळ्याच्या खाली?"

"साखर जास्ती झाली की हिरवा, पिवळा, लाल. मग कमी झाली की कोणता?"

"कोणताच नाही," ते सावकाश म्हणाले. त्यांनी सुई खाली ठेवली. "तो रांजण बघ दारातला. भरून वाहिला तर खालची जमीन ओली होते. नळी म्हणजे ती जमीन बघणं. ओली दिसली तर रांजण वाहतोय हे कळतं. पण कोरडी दिसली तर?"

इंदूनं विचार केला. "तर रांजण बेताचा भरलेला असंल. न्हाईतर रिकामा असंल."

"मग कसं कळायचं?"

"रांजणात हात घालून."

"शाबास. तो हात म्हणजे रक्ताची तपासणी. ती पुण्याला होते." मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की ही पोर आबांबद्दल विचारत नाहीये. "पोरी, तुझ्या आईला वारं नेहमी उपासाच्याच दिवशी येतं का गं?"

"व्हय. संकष्टीला बी एकदा आलं हुतं. घरात कुणी मोजलंच न्हाई."

कादरभाईंनी दवाखान्यात डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टरांनी एक छोटी बाटली दिली, तळाशी पांढऱ्या पुडीची चिमूट, रक्त गोठू नये म्हणून. वारं आलेलं असतानाच, साखर पोटात जायच्या आत, रक्त घ्यायचं. नंतर घेतलं तर काहीच कळणार नाही. इंदूनं आबांना सांगितलं, आणि आईला उपास मोडायला सांगितलं. आबा म्हणाले, सोमवारी कादरला धा वाजता परत बोलाव. आई म्हणाली, "सोमवार मोडला तर थोरल्या जावेला तोंड कसं दाखवू?"

बाहेर अजून सायकलची घंटी वाजली नव्हती. विमल वडिलांना पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोन पावलं उरली असताना ती थांबली. वरच्या ओठावर घामाचे थेंब चमकले. तिनं यशवंतरावांकडं बघून विचारलं, "तुमी कुनाकडं आलाय?" आणि तांब्या हातातून सुटला.

"आलं," मंजुळाबाई म्हणाली आणि पाट ओढला. तिनं विमलला खांद्याला धरून बसवलं, कपाळाला अंगारा लावला, समोर हात जोडले. "कोन आलंय? नाव सांगा."

"दार लावा," विमल पुटपुटली. "लई थंडी हाय."

यशवंतराव उठून उभे राहिले. लेकीनं ओळखलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं जात नव्हतं. तेवढ्यात अंगणात घंटी वाजली. कादरभाई सायकल भिंतीला टेकवून पिशवीसकट आत आले.

मंजुळाबाई आडवी आली. "कादरभाई, तुमी आबांचं करता, तुमचं लई उपकार हायती. पर वारं आलेल्या बाईला सुई लावायची न्हाई. काय वंगाळ झालं तर घरावर यील."

"मंजुळा, बाजूला हो," कोंडाजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मळ्यात बैलाला हाक मारायचा होता. "दोन वर्सं रोज टोचतोय त्यो मला, आन मी जिता हाय. कादर, घे."

"आबा," मारुतराव म्हणाला, "ढोंगाला कसली सुई?"

तेव्हा सोनबा उठले. थोरल्या भावाकडं त्यांनी बघितलंही नाही. विमलशेजारी बसून त्यांनी तिचा हात मांडीवर घेतला आणि बाही वर सरकवली. "घ्या, कादरभाई," ते म्हणाले. "माझी बायकू हाय. इचारायचं तर मला इचारा."

दंडाला रबरी पट्टी बांधली गेली. सुई शिरली. इंदूनं दुसरीकडं तोंड फिरवलं नाही. गडद लाल रेघ वर चढली, बाटलीत उतरली, बूच बसलं. कादरभाईंनी बाटली हलकेच वरखाली केली आणि इंदूकडं बघितलं. "आता साखर. पटकन. गिळता येतंय तोवर."

साखर कुलपात होती.

इंदू मंजुळाबाईपुढं जाऊन उभी राहिली. "थोरली आई, किल्ली."

मंजुळाबाईचा हात कमरेवर गेला आणि तिथंच राहिला. "आज सोमवार हाय, इंदू. तिचा उपास मोडंल. देवाचं वारं आसं साखरंनं..."

"देव असंल तर साखरंनं जाणार न्हाई," इंदू म्हणाली. "वाटीभर पाण्यानं कुठं देव जातोय? किल्ली द्या. पाव तासात आई नीट झाली न्हाई तर पुढच्या सोमवारी पाट मी मांडीन. नारळ बी मीच फोडीन."

दहा वर्षांची पोर थोरल्या चुलतीशी पैज लावत होती, आणि पैज अशी की तिला नाही म्हणायला जागा नव्हती. मंजुळाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग स्वतःच वळली, पेटीपुढं बसली, कुलूप उघडलं, आणि मूठभर साखर वाटीत टाकून पाणी ओतलं. बोटानंच ढवळलं. "चल," ती म्हणाली. "तू डोकं धर. मी पाजते."

घोट घोट पाणी गेलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते मंजुळाबाईनं आपल्या पदरानं टिपलं. मारुतरावानं कारखान्यात लागल्यावर घेतलेलं मनगटी घड्याळ पुढं धरलं. आत्तापर्यंत ढोंग म्हणणारा तोच आता काट्यावरून नजर हलवत नव्हता. पाच मिनिटं झाली. सात झाली. इंदू आईच्या बोटांकडं बघत होती. थरथर मंदावली. अकराव्या मिनिटाला विमलनं कपाळावर हात नेला, बोटाला लागलेला अंगारा बघितला, आणि समोर बघून पदर सावरला.

"बाबा, तुमी कधी आला?" ती म्हणाली. "च्या दिला का न्हाई कुणी?"

यशवंतरावांनी पागोट्यात तोंड लपवलं.

मंजुळाबाई रिकामी वाटी हातात धरून खालीच बसली. "दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं किल्ली माझ्या कमरंला हुती. आन मी हात जोडून नाव इचारत बसले."

"कुलूप घालाय मीच सांगितलं हुतं," आतून गोजाबाई, इंदूची आजी, म्हणाली. एवढा वेळ ती चुलीपुढून हलली नव्हती. "एकटीच्या डोक्यावर घिऊ नगं."

कादरभाईंनी बाटली रुमालात गुंडाळली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि सायकलीवर थेट पुण्याचा रस्ता धरला. यशवंतराव म्हणाले, "निकाल येईपर्यंत मी थांबतो." दुपारची गाडी त्यांच्याशिवाय गेली.

निकाल बुधवारी आला. कादरभाईंनी चिठ्ठी वाचली. "उपाशी माणसाच्या रक्तात साखर ऐंशीच्या आसपास असावी. विमलवहिनींची छत्तीस."

"छत्तीस," मारुतराव म्हणाला. आकड्यांची त्याला कारखान्यात सवय झाली होती. "म्हंजी निम्मी बी न्हाई. आन मी ढोंग म्हनलो."

"पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्यात," कादरभाई जरा अवघडून म्हणाले. "गोजाआजी, तुम्हीच सांगा. या पोरीच्या वेळी बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? आणि नंतर वहिनींना दूध आलं होतं का?"

गोजाबाई दारात येऊन बसली. "गोधडी भिजून जमिनीवर रगत आलं हुतं. पवनेला पूर हुता, नाव बंद हुती, पल्याड कुणाला न्यायचं? दूध तर आलंच न्हाई, एक थेंब न्हाई. शेळीच्या दुधावर वाढवली ही. तवापास्नं विमलची पाळी बी परत आली न्हाई. मी म्हनलं, अंग खचलंय."

कादरभाईंनी मान हलवली. "डॉक्टरांना तेच वाटलं होतं. डोक्यात, मेंदूच्या खाली, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. अंगातल्या बाकीच्या ग्रंथींना कामाला लावणारी ती मुकादम. बाळंतपणात फार रक्त गेलं की कधीकधी ती सुकते. मग दूध नाही, पाळी नाही, अंगात ऊब नाही. आणि उपाशी पोटी रक्तातली साखर सावरून धरणारं कुणी नाही. दिवसभर थोडं थोडं खात राहिलं की निभतं. आधी उपासाला गोड चहा तरी पोटात जायचा. आता तोही नाही, म्हणून उपास केला की रांजण तळाला जातो."

"माझ्यामुळं," इंदू हळूच म्हणाली.

"नाही," कादरभाई म्हणाले. मुलांशी बोलताना ते कधी घाई करत नसत. "रक्त गेल्यामुळं. तू तर तेव्हा तासाभराची होतीस. दहा वर्षांनी निळ्याच्या खाली काय असतं ते विचारणारी मात्र तूच."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पुण्याच्या इस्पितळात चार दिवस ठेवून सगळं पुन्हा तपासतील. त्या ग्रंथीचं काम करणाऱ्या गोळ्या आता निघाल्यात, त्या रोज घ्याव्या लागतील, कायमच्या. उपास बंद. दर तीन तासांनी काहीतरी पोटात. आणि साखर सतत जवळ, हाताला लागेल अशी.

"उद्या मी रजा टाकतो," मारुतराव म्हणाला. "इस्पितळात मी घिऊन जातो. सोनबा, तू मळा बघ."

"मळा तू बघ," सोनबा म्हणाले. "मी जातो."

मारुतराव हसला. "बरं बाबा. मी बघतो मळा. वांगी वाळली तर बोलायचं न्हाई."

"माझे उपास?" विमलनं विचारलं. "सोमवार सोडून देऊ व्हय?"

मंजुळाबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही, ती कमरेची गाठ सोडत होती. "तुझं सोमवार मी करीन. माझं बी आन तुझं बी, दोन्ही. देवाला काय, पोटात कळ कुणाच्या उठती ते कुठं दिसतंय." मग किल्ली इंदूच्या तळहातावर ठेवली. "घे. काय काढायचं ते काढ."

इंदूनं पेटी उघडली. आत साखर होती, गूळ होता, आणि तळाशी एका पुडीत प्रसादाची खडीसाखर. तिनं पाच खडे निवडले, ना फार मोठे ना फार बारीक. आईच्या पदराच्या टोकात ते घालून घट्ट गाठ मारली, आईचा हात धरून गाठीवर ठेवला, आणि डोळे मिटून चाचपायला लावलं, म्हणजे दिसत नसतानाही सापडेल. मग पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली मंजुळाबाईला परत दिली, कारण घरात दोन आजार होते आणि एकाला कुलूप लागत होतं.

वही उघडून तिनं आईच्या नावापुढं रंगाचा रकाना खोडला. तिथं लिहिलं, "कधी खाल्लं. घाम आला का."

खांबाला टेकलेले कोंडाजी हे सगळं बघत होते. पुडीत अजून खडे उरले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी नातीपुढं हात पसरला आणि एक डोळा मिचकावला.

इंदूनं त्या हाताकडं बघितलं. मग फळीवरची धुऊन ठेवलेली लघवीची बाटली उचलली, उद्या सकाळच्या नळीसाठीची, आणि ती त्यांच्या हातात ठेवली.